बुलढाण्याच्या वाचक

मराठी ग्रंथपरीक्षणाचा इतिहास सांगायचा म्हटला की बोट आधी १८६७ सालच्या ‘विविधज्ञानविस्तारा’वर आणि मग १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी काढलेल्या ‘निबंधमाले’वर जाते. ते योग्यही आहे. पण परीक्षक ग्रंथाला शास्त्राच्या मापाने मोजतो आणि वाचक स्वतःच्या जगण्याच्या. हा वाचक आपल्या वाङ्मयेतिहासात जवळजवळ बेदखल राहिला. त्याची अत्यंत ठसठशीत साक्ष बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या १८८२ सालच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ या पुस्तकात आहे, असे माझे म्हणणे आहे. स्त्रीमुक्तीच्या विचारातले आद्य पुस्तक म्हणून त्याला मान मिळतो, तो मिळायलाच हवा. पण ते एका बाईने वाचलेल्या नाना तऱ्हेच्या पुस्तकांना दिलेले उत्तरही आहे, आणि ही बाजू फारच थोड्यांच्या ध्यानात आली.

निमित्त घडले सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेचे. आपल्या नवजात अर्भकाच्या हत्येसाठी तिला १८८१ साली फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी करण्यात आली. वर्तमानपत्रांत बायकांच्या नीतीवर ताशेरे सुरू झाले आणि ताराबाईंनी लेखणी उचलली. मात्र त्या खटल्यापाशी थांबल्या नाहीत. पुराणकथा, बायकांच्या कपटाच्या गोष्टी सांगणारे ‘स्त्रीचरित्र’, ‘मनोरमा’ नाटक, ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ या कादंबऱ्या, सारे त्यांनी एकाच ओळीत उभे केले. यमाच्या दारापर्यंत गेलेली सावित्री सर्वांना ठाऊक. बायकोसाठी तिथवर गेलेला नवरा कुणी ऐकला आहे का, असे त्या विचारतात. पोथी आणि नवी कादंबरी यांना त्यांनी वेगळा न्याय लावला नाही. ज्या बाईबद्दल हे लिहिले ती अशी आहे का, आणि नसेल तर हे लिहिणाऱ्याचा त्यात काय लाभ, हेच त्यांचे दोन प्रश्न.

पोथीच्या श्रोत्यांना प्रतिक्रिया नव्हती का, असे कुणी म्हणेल. होती, आणि ती खोल होती. हरिविजय ऐकताना डोळे पुसणाऱ्या, एखाद्या प्रसंगावर हळहळणाऱ्या बायका घरोघरी होत्या. पण ती प्रतिक्रिया पोथीच्या अधिकाराखाली राहून उमटे. सांगणारा वर, ऐकणारे खाली, आणि शेवटी फलश्रुती. छापील पुस्तक हातात आल्यावर हा क्रम मोडला. पान मागे उलटता येऊ लागले, आणि एका पुस्तकातले विधान दुसऱ्यातल्या विधानाशेजारी ठेवून पाहता येऊ लागले. ताराबाईंचा युक्तिवाद अशा शेजारी ठेवण्यावरच उभा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कथेतल्या पात्रांवरून लेखकाला जाब विचारणे ही टीका नव्हे; रचना, भाषा, रस यांविषयी ताराबाई फारसे बोलत नाहीत. हे खरे आहे. पण १८७२ साली काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ लिहिला, तेव्हा त्यांचीही तक्रार त्या काळच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या असंभाव्यतेबद्दलच होती. सुशिक्षित पुरुषाने हा प्रश्न कलेच्या अंगाने विचारला की ती समीक्षा ठरते, आणि तोच प्रश्न एका बाईने आपल्या जातीच्या अनुभवातून विचारला की तो संताप ठरतो. ही विभागणी मला मान्य नाही. ताराबाईंच्या लेखनात संताप आहेच, पण तो वाचनातून आलेला, पुस्तकांची नावे घेऊन बोलणारा संताप आहे.

एका बाईवरून वाचकवर्ग सिद्ध होत नाही, हेही मान्य. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला होते, सत्यशोधक विचारांचे होते, त्यांनी मुलीला शिकवले. असे घर तेव्हा विरळाच. तरी याच सुमारास जोतीराव फुले काय करत होते ते पाहावे. १८८५ साली मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण त्यांनी नाकारले, ते तुमच्या ग्रंथांचा आमच्या लोकांच्या दुःखाशी मेळ बसत नाही याच कारणाने. त्याच वर्षी आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली. पुस्तकात आपण कुठे आहोत, असे विचारणारे वाचक एकाहून अधिक होते.

‘स्त्रीपुरुष तुलना’ पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापली गेली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. स. गं. मालशे यांनी ती पुन्हा लोकांसमोर आणली १९७५ साली, ९३ वर्षांनी.