आखातात कमाई, गावात खातं : परदेशातल्या माणसाने भारतातलं प्राप्तिकर रिटर्न कधी आणि कसं भरायचं?

खेड, दापोली, मंडणगड, चिपळूण, गुहागर या तालुक्यांत आणि वर श्रीवर्धन, म्हसळ्यापर्यंत असं गाव विरळाच, जिथला एकही माणूस दुबई, सौदी, कुवेत, कतारला नाही. जोडीला बोटीवरचे खलाशीही आहेत. पैसा तिकडे कमावला जातो, पण घर, बाग, मुदत ठेव, दुकानाचा गाळा सगळं इकडे असतं. जुलै उजाडला की मग प्रश्न सुरू होतात. तिकडच्या पगारावर इथे टॅक्स लागतो का? बँकेने व्याजातून पैसे कापले, ते परत मिळतात का? रिटर्न भरलं नाही तर काय होतं?

याची उत्तरं फार अवघड नाहीत. मात्र अर्धवट माहितीवर चालल्याने अनेकांचे हक्काचे पैसे सरकारकडे पडून राहतात, तर काहींना नोटीस येते.

आधी दिवस मोजा

पासपोर्ट भारतीय आहे म्हणून इथे टॅक्स लागतो, असं नाही. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात माणूस भारतात किती दिवस होता, यावर सगळं ठरतं.

परदेशात राहणारा भारतीय नागरिक सुट्टीवर येतो, तेव्हा वर्षभरातले त्याचे भारतातले एकूण दिवस १८२ पेक्षा कमी असले तर तो करापुरता अनिवासी. गणपतीला पंधरा दिवस आणि मे महिन्यात आंब्याला महिनाभर येणाऱ्याला याची चिंता नाही. ज्याचं भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर आहे, त्याच्यासाठी मात्र नियम कडक आहे. मागच्या चार वर्षांत तो मिळून ३६५ दिवस भारतात राहिलेला असेल, तर त्याची मर्यादा १८२ ऐवजी १२० दिवसांची होते. शिवाय १५ लाखांच्या वर भारतीय उत्पन्न असलेला आणि कुठल्याच देशात कर लागू नसलेला भारतीय नागरिक इथला निवासी मानला जातो, जरी त्याच्या परदेशातल्या पगाराला हात लागत नसला तरी. गावाकडच्या बहुतेकांचं इथलं उत्पन्न १५ लाखांच्या खूप खाली असतं, त्यामुळे १८२ चा आकडा पाठ असला की पुरे.

येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस भारतात धरून हिशेब करावा, म्हणजे वाद राहत नाही. पासपोर्टवरच्या शिक्क्यांचे फोटो आणि विमानाची तिकिटं जपून ठेवावीत.

पहिलं वर्ष फसवं असतं

नोकरीसाठी पहिल्यांदा बाहेर जाणाऱ्यालाही १८२ दिवसांचाच नियम आहे. १ एप्रिलपासून मोजलं तर २८ सप्टेंबरपर्यंत १८१ दिवस भरतात. त्या तारखेपर्यंत जो नोकरीवर निघून गेला आणि ३१ मार्चपर्यंत परतला नाही, तो त्या वर्षी अनिवासी. जो डिसेंबरात गेला, तो त्या वर्षापुरता निवासीच राहतो. म्हणजे जानेवारी ते मार्चचा दुबईचा पगारसुद्धा त्याच्या भारतातल्या रिटर्नमध्ये दाखवावा लागतो. निवासी म्हणून मिळणारी सूट धरता कर शून्यही येईल, पण उत्पन्न दाखवणं सुटत नाही.

बोटीवरच्या माणसाचं वेगळं

खलाशी आणि जहाजावरच्या अधिकाऱ्यांचे दिवस सीडीसी पुस्तकातल्या नोंदीवरून मोजतात. आंतरराष्ट्रीय फेरीवर रुजू झाल्याच्या तारखेपासून उतरल्याच्या तारखेपर्यंतचा काळ भारताबाहेरचा धरला जातो. परदेशी जहाजावर, भारताबाहेर काम करणाऱ्या अनिवासी खलाशाचा पगार एनआरई खात्यात थेट जमा झाला, एवढ्यावरून तो भारतात करपात्र होत नाही, असं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. त्यामुळे सीडीसीची प्रत आणि कंपनीचं करारपत्र रिटर्नच्या फाईलला हवंच.

कशावर कर लागतो, कशावर नाही

अनिवासी माणसाने परदेशात काम करून परदेशातच घेतलेला पगार इथे करपात्र नाही. तो पैसा नंतर गावी पाठवला तरी त्यावर कर नाही. आईवडील, बायको, भावंडं यांना पाठवलेली रक्कम घेणाऱ्यालाही लागत नाही, कारण जवळच्या नात्यातली भेट करमुक्त आहे. त्या पैशावर पुढे व्याज मिळालं की गोष्ट बदलते. वडिलांच्या नावावर ठेव केली तर व्याज वडिलांचं उत्पन्न. बायकोच्या नावावर नुसते पैसे देऊन ठेव केली तर ते व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवावं लागतं.

एनआरई आणि एफसीएनआर खात्यावरचं व्याज अनिवासी असेपर्यंत करमुक्त आहे. एनआरओ खात्यावरचं व्याज, घरभाडं, गाळ्याचं भाडं, जमीन-घर-शेअर विकून झालेला नफा हे सगळं भारतात करपात्र.

गावाकडे बँकेत जुनं साधं बचत खातं तसंच चालू ठेवायची सवय आहे. परकीय चलन कायद्यानुसार बाहेर गेल्यावर ते खातं एनआरओ करून घ्यावं लागतं. ‘बघू पुढच्या खेपेला’ म्हणत दहा-दहा वर्षं निघून जातात, आणि रिटर्न भरताना नेमकं तेच आड येतं.

शेतीचं उत्पन्न

आंबा, काजू, सुपारी, भात यांचं उत्पन्न अनिवासी शेतकऱ्यालाही करमुक्त आहे. बाग कराराने दिली तरी ते शेतीचंच उत्पन्न. आंब्याचा पल्प काढून डबे विकले की मात्र तो सगळा शेतीचा पैसा राहत नाही, त्यात धंद्याचा भाग येतो. शेतीचं उत्पन्न वर्षाला ५ हजारांच्या वर आणि बाकीचं उत्पन्न मूळ सूट मर्यादेच्या वर असेल, तर कराचा दर ठरवताना शेतीची रक्कम हिशेबात धरतात. म्हणून करमुक्त असलं तरी रिटर्नमध्ये दाखवावं आणि विक्रीच्या पट्ट्या ठेवाव्यात.

अनिवासी भारतीयाला नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आलेली ठेवता येते. ग्रामीण शेतजमीन विकली तर भांडवली नफ्याचा कर नाही. ‘ग्रामीण’ म्हणजे काय, तेही ठरलेलं आहे. जवळच्या नगरपालिकेची लोकसंख्या १० हजार ते १ लाख असेल तर तिच्या हद्दीपासून २ किलोमीटर, १ लाख ते १० लाख असेल तर ६ किलोमीटर आणि त्याच्या वर ८ किलोमीटर, यापलीकडची जमीन. हद्दीच्या काठावरची जमीन असेल तर व्यवहाराआधीच अंतराचा दाखला घ्यावा.

१२ लाखांची सूट अनिवासींना नाही

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य, ही बातमी सगळ्यांनी वाचली. पण ते शून्य जी करसवलत धरून होतं, ती फक्त निवासी माणसाला आहे. अनिवासीला नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्के, असा चढता दर लागतो. जुन्या प्रणालीत ही मर्यादा अडीच लाखांची आहे आणि ज्येष्ठांची वाढीव मर्यादाही अनिवासीला मिळत नाही.

जमीन-घर किंवा शेअरच्या नफ्यावर ठराविक दराने कर लागतो. बाकी उत्पन्न काहीच नसलं तरी त्या नफ्यातून ४ लाख वजा करून मिळत नाहीत.

काही ठिकाणी ही सूट मिळावी म्हणून माणसाला निवासी दाखवून सोपा फॉर्म भरून टाकतात. बँक मात्र त्याच पॅनवर अनिवासी म्हणून टीडीएस कळवत असते. दोन्ही नोंदी जुळत नाहीत आणि नोटीस येते ती रिटर्न ज्याच्या नावावर आहे त्याला. भरून देणारा नामानिराळा.

कापलेले पैसे परत कसे येतात

एनआरओ ठेवीच्या व्याजावर बँक ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के कापते. निवासी लोक टीडीएस कापू नये म्हणून जो १५जी किंवा १५एच फॉर्म देतात, तो अनिवासीला देता येत नाही.

समजा, कुवेतला काम करणाऱ्या एकाला वर्षाला एनआरओ ठेवीचं १ लाख रुपये व्याज मिळालं. बँकेने ३१,२०० रुपये कापले. त्याचं भारतातलं दुसरं करपात्र उत्पन्न नाही. ४ लाखांच्या आत असल्याने कर शून्य. रिटर्न भरलं की पूर्ण ३१,२०० रुपये परत मिळतात. भरलं नाही तर गेले. पाच वर्षं असंच चाललं तर दीड लाखाच्या वर पैसे झाले!

इथे आणखी एक नियम आहे. वर्षात कापलेला टीडीएस २५ हजार किंवा जास्त असेल तर उत्पन्न मर्यादेच्या आत असूनही रिटर्न भरणं बंधनकारक आहे. म्हणजे वरच्या माणसाला ‘भरलं तर बरं’ असा पर्यायच नाही.

ज्या देशात माणूस राहतो, त्या देशाशी करार असेल तर कापणी कमी करून घेता येते. संयुक्त अरब अमिरातीशी असलेल्या करारात बँक ठेवीच्या व्याजावर १२.५ टक्क्यांची मर्यादा आहे. त्यासाठी तिथल्या सरकारचा कर-निवासी दाखला आणि प्राप्तिकर पोर्टलवर भरलेला फॉर्म बँकेला वेळेत द्यावा लागतो.

घर विकताना

निवासी माणसाचं घर घेताना ५० लाखांच्या वरच १ टक्का टीडीएस कापतात. विकणारा अनिवासी असेल तर ही ५० लाखांची सवलत नाही. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ ताब्यात असलेल्या घरावर १२.५ टक्के आणि उपकर, म्हणजे १३ टक्के कापले जातात. रक्कम मोठी असली तर अधिभारही लागतो.

समजा, तालुक्याच्या गावातलं घर ४० लाखांना विकलं आणि त्याची मूळ किंमत ३० लाख होती. नफा १० लाख, खरा कर १ लाख ३० हजार. पण खरेदीदार सहसा पूर्ण किमतीवर कापतो, म्हणजे ५ लाख २० हजार. जास्तीचे ३ लाख ९० हजार रिफंडची वाट बघत अडकतात. हे टाळायचं तर खरेदीखताआधीच प्राप्तिकर खात्याकडे कमी कापणीच्या दाखल्यासाठी अर्ज करावा. दाखला मिळायला वेळ लागतो, म्हणून साठेखत झालं की लगेच कामाला लागावं. विकलेल्या घराच्या नफ्यातून ठरलेल्या मुदतीत भारतात दुसरं घर घेतलं किंवा बांधलं तर अनिवासीलाही करसूट मिळते.

घर भाड्याने दिलं असेल तर भाडेकरूनेही अनिवासी मालकाच्या भाड्यातून टीडीएस कापायचा असतो, भाडं थोडं असलं तरी.

रिटर्न भरायच्या पायऱ्या

१. प्राप्तिकर पोर्टलवर आपल्या पॅनच्या माहितीत ‘अनिवासी’ अशी नोंद करा. आधार नसलेल्या अनिवासीला पॅन-आधार जोडणीतून सूट आहे, पण ही नोंद नसेल तर पॅन निष्क्रिय दिसतं आणि रिफंड अडकतो.

२. पोर्टलवरचं २६एएस आणि एआयएस उतरवून घ्या. कोणी किती कापलं आणि काय कळवलं, ते तिथे दिसतं. बँकेच्या व्याज दाखल्याशी ताडून बघा.

३. फॉर्म बरोबर निवडा. पहिल्या क्रमांकाचा सोपा फॉर्म आणि चौथ्या क्रमांकाचा फॉर्म अनिवासीला चालत नाही. धंदा नसेल तर आयटीआर-२, भारतात धंदा असेल तर आयटीआर-३.

४. रिफंडसाठी खातं पोर्टलवर आधी प्रमाणित करून ठेवा. पॅनवरचं आणि खात्यावरचं नाव एकच हवं.

५. भरल्यावर ३० दिवसांत पडताळणी करा. आधारचा ओटीपी भारतातल्या मोबाईलवर येतो, तो नंबर गावी बंद पडला असेल तर नेटबँकिंगने करा किंवा सही केलेली पावती टपालाने बंगळुरूच्या केंद्राला पाठवा. पडताळणी नसेल तर रिटर्न भरलं असं धरत नाहीत.

आयटीआर-२ ची नेहमीची शेवटची तारीख ३१ जुलै. चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत विलंब शुल्कासह भरता येतं : उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १ हजार, त्याच्या वर ५ हजार. त्याहून जुना रिफंड राहिला असेल तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण संबंधित कर निर्धारण वर्ष संपल्यापासून ५ वर्षांच्या आत.

१ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू होतो. त्यात ‘मागील वर्ष’ आणि ‘कर निर्धारण वर्ष’ जाऊन एकच ‘कर वर्ष’ येतं, कलमांचे क्रमांक बदलतात. दिवस मोजायचा नियम तोच राहतो.

कायमचं गावी परतल्यावर

बरीच वर्षं बाहेर काढून आलेल्याला लगेच पूर्ण निवासी धरत नाहीत. मागच्या १० वर्षांपैकी ९ वर्षं अनिवासी असेल किंवा मागच्या ७ वर्षांत भारतात ७२९ दिवसांपेक्षा जास्त राहिला नसेल, तर मधला दर्जा मिळतो आणि तोवर परदेशातल्या उत्पन्नावर इथे कर नाही. तो काळ संपला की तिकडचं खातं, शिल्लक, गुंतवणूक सगळं रिटर्नमध्ये जाहीर करावं लागतं. लपवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परतल्यावर बँकेला कळवून एनआरई आणि एनआरओ खातीही बदलून घ्यावीत, कारण एनआरईची करमाफी परतलेल्या माणसाला चालू राहत नाही.

सुट्टीवर आल्यावर उरकायची कामं

बँकेत जाऊन खात्याचा प्रकार आणि मोबाईल नंबर तपासणं, व्याजाचे दाखले घेणं, पासपोर्टच्या पानांची प्रत काढणं, पोर्टलचा पासवर्ड स्वतःकडे ठेवणं. रिफंडमध्ये टक्केवारी मागणाऱ्याला किंवा नसलेल्या वजावटी दाखवून ‘जास्त काढून देतो’ म्हणणाऱ्याला लांब ठेवावं. व्यवहार मोठा असेल, विशेषतः घर-जमिनीचा, तर सनदी लेखापालाची फी देणंच स्वस्त पडतं.