सरकारी निधी आटला, आता वस्तीचे घर कोणाच्या पैशातून?

मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील बीडीडी चाळी 1920च्या दशकात सरकारी पैशातून उभ्या राहिल्या. 160 चौरस फुटांच्या त्या खोल्यांत आपल्या चळवळीच्या पिढ्या घडल्या. पहिल्या तीन ठिकाणी आता म्हाडा पुनर्विकास करत असून पात्र रहिवाशांना 500 चौरस फुटांचे मालकीचे घर विनामूल्य मिळते. मग खर्च कोण करतो? त्याच जमिनीवर बाजारभावाने विकायच्या सदनिकांतून तो वसूल होणार आहे. म्हणजे योजना सरकारी असली, तरी पैसा जमिनीचा आहे.

हा बदल एका दिवसात झाला नाही. 1970च्या दशकात सरकार झोपडपट्ट्यांत नळ, शौचालये, गटारे स्वतःच्या खर्चाने देत असे. 1985 मध्ये पंतप्रधान अनुदान प्रकल्पातून मुंबईला 100 कोटी रुपये मिळाले. 1995 मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले आणि हिशेब बदलला. विकासकाने पात्र कुटुंबांना फुकट घर बांधून द्यायचे (सध्या 300 चौरस फूट) आणि त्या बदल्यात वाढीव चटई क्षेत्र विकून नफा कमवायचा.

या पद्धतीचे परिणाम आपल्या वस्त्या भोगत आहेत. जिथे जमीन महाग, तिथे बिल्डर रांग लावतात. जिथे भाव कमी, तिथे कोणी फिरकत नाही. बाजार पडला की काम थांबते, भाडे बंद होते आणि माणसे संक्रमण शिबिरात म्हातारी होतात. अपात्र ठरलेला भाडेकरू तर हिशेबातच नसतो. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही झोपडपट्टी कायद्याच्या अंमलबजावणीचा आढावा घेण्यास मुंबई उच्च न्यायालयाला सांगितले.

पुढेही सरकारी तिजोरीतून घरे येतील, अशी चिन्हे नाहीत. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात एमएमआरडीए उतरले आहे. बिल्डरपेक्षा सार्वजनिक संस्था आम्हाला बरी वाटते, कारण तिला जाब विचारता येतो. पण जाब विचारणारे तयार हवेत.

म्हणून तरुणांनी चार गोष्टी कराव्यात. संमतीपत्रावर सही करण्याआधी करारनामा पूर्ण वाचून वस्तीला समजावून सांगावा. परिशिष्ट-2 मधील पात्रता यादी घरोघरी जाऊन तपासावी. भाड्याची आगाऊ रक्कम आणि इमारतीच्या देखभालीचा निधी लेखी घ्यावा, कारण उंच इमारतीत लिफ्ट व पंपाचा खर्च दर महिन्याला येतो. विहार, अभ्यासिका आणि बाबासाहेबांचा पुतळा यांची जागा मंजूर नकाशातच दाखवून घ्यावी. तोंडी शब्दावर राहू नये.

हे घर दान नाही. ओसाड, दलदलीच्या जागा राहण्याजोग्या केल्या त्या आपल्याच माणसांनी. आज त्या जमिनीला भाव आला आहे, तर त्यातला वाटा हा आपला हक्क आहे. शिका आणि संघटित व्हा, हे इथेही तितकेच खरे आहे.

जय भीम!