गेताची खटखट आणि अनवाणी पाय

आज बोलूया जुन्या जपानमधल्या पायताणांबद्दल. विषय वाटतो तेवढा किरकोळ नाहीये.

गेता म्हणजे खाली दोन दात असलेली लाकडी चप्पल. आपल्या खडावा आठवा, फक्त खुंटीच्या जागी कापडी पट्टा, त्याला म्हणतात हानाओ. लाकूड शक्यतो किरी झाडाचं, अगदी हलकं. डावी-उजवी भानगडच नाही, एका बाजूनं झिजली की पाय बदलायचे. दात झिजले तर नवे बसवून देणारा कारागीर गल्लीत फिरायचा, आपल्याकडच्या कल्हईवाल्यासारखा. चालताना आवाज यायचा, ‘कारान-कोरोन’. लाफ्कादिओ हर्न हा लेखक 1890 मध्ये मात्सुए गावी राहायला गेला. पहाटे पुलावरून जाणाऱ्या शेकडो गेतांच्या आवाजावर त्यानं फार प्रेमानं लिहिलंय.

लांबच्या प्रवासाला मात्र वाराजी, भाताच्या पेंढ्याच्या चपला. त्या पटकन झिजायच्या. म्हणून एदो ते क्योतो या तोकाइदो रस्त्यावरच्या 53 मुक्कामांवर त्या विकायला असायच्या. घोड्यांनासुद्धा पेंढ्याचेच बूट! फाटल्या की खतात.

आता हे सगळं ऐकून छान वाटतं, पण मला खरा इतिहास दिसतो तो पुढच्या गोष्टीत. 1901 साली तोक्योच्या पोलिसांनी हुकूम काढला: शहरात घराबाहेर अनवाणी फिरायचं नाही. कारण? प्लेग. तीच साथ, जी 1894 मध्ये हाँगकाँगला आणि 1896 मध्ये आपल्या मुंबईत पोचली होती. आता बघा, असा हुकूम काढावा लागतो म्हणजे अनवाणी चालणारे भरपूर असणार. हमाल, मजूर, अंगमेहनतीची कामं करणारे. हर्नच्या पुलावरची खटखट आपल्यापर्यंत आली, कारण तिला आवाज होता. अनवाणी पायांचा कुठे आवाज येतो? त्यांची नोंद सापडते ती थेट पोलिसांच्या हुकमात, तीही बंदी म्हणून. साथ आली की सरकारचं लक्ष गरिबाच्या पायाकडे जातं, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको.

पुढे बूट आले, डांबरी रस्ते आले आणि गेता उरली सणांना, युकातावर घालायला. शाळेच्या दाराशी बूट ठेवायच्या कपाटाला मात्र अजूनही ‘गेताबाको’च म्हणतात, म्हणजे गेतांची पेटी. आत सगळे स्पोर्ट्स शूज!

चला, भेटू पुढच्या भागात.