वऱ्हाडातील निबंधाचा सूर

यवतमाळ–धामणगाव रस्त्यावरील बाभुळगाव हे तालुक्याचे गाव कापसाच्या पट्ट्यात येते आणि तेथील बोलणे वऱ्हाडी वळणाचे आहे. परंतु तेथील विद्यार्थी महाविद्यालयात जो निबंध लिहितो त्याचा सूर, म्हणजे वाचकाशी बोलण्याची लेखकाची ढब, वऱ्हाडात घडलेला नाही. तो पुण्यात घडला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ हे मासिक सुरू केले आणि त्याच्या ८४ अंकांतून, मेकॉले व जॉन्सन या इंग्रज गद्यकारांचे संस्कार पचवून, प्रतिपक्षाला समोर उभे करून त्याचा समाचार घेणारे लांब पल्ल्याचे मराठी वाक्य रूढ केले. पुढे निबंध हा परीक्षेतील गुणांचा प्रश्न झाला, तेव्हा प्रतिपक्ष गेला आणि आवेश तेवढा उरला.

१९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले, १९८३ मध्ये अमरावतीचे वेगळे झाले, तरी साचा फारसा हलला नाही. ‘शेतकऱ्याचे मनोगत’ हा आत्मकथनात्मक निबंध, म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून ‘मी’ म्हणून लिहिलेला निबंध, त्याचा बोलका नमुना होय. घरी ‘मले’, ‘तुले’ म्हणणारा आणि सुटीत कापूस वेचणारा विद्यार्थी येथे बळीराजा होऊन काळ्या आईचे गोडवे गातो. बोंडअळी, सावकार किंवा अडकलेले चुकारे, म्हणजे विकलेल्या मालाचे यायचे पैसे, त्यात क्वचितच येतात. परीक्षकाला प्रमाण भाषा हवी असणे रास्त आहे. अनुभवही प्रमाणित करून हवा असणे रास्त नाही.

वास्तविक मराठी गद्याचा आद्य थोर ग्रंथ वऱ्हाडातलाच. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी रिद्धपूर येथे महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी जमवून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. ‘लीळा’ म्हणजे स्वामींच्या आयुष्यातील एकेक प्रसंग. तो आखूड वाक्यांत, ज्याचे बोलणे त्याच्याच तोंडी ठेवून सांगितलेला आहे. संस्कृतात लिहिल्यास म्हाताऱ्या बायाबापड्या वंचित होतील, असे सांगून चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांनी आपले शिष्य केशिराजबास यांना मराठीकडे वळवल्याची महानुभाव परंपरेतील हकिकत पाहता, सूर वाचकावरून ठरतो याची जाण येथे फार जुनी आहे. यवतमाळच्याच य. खु. देशपांडे यांनी ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध करून हे धन अभ्यासकांपुढे मांडले, आणि रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले आहे. निबंधाच्या तासाला एखादी लीळा वाचून दाखवणे बाभुळगावच्या शिक्षकाला अवघड नाही.