जाळीचं कूळ

सिझेरियनचे टाके सुकून दोन-तीन वर्षं झालेली असतात. एक दिवस खोकताना त्याच व्रणापाशी फुगवटा येतो, आडवं झालं की नाहीसा होतो. डॉक्टर म्हणतात, 'इन्सिजनल हर्निया'. वरची कातडी जुळलेली असते, खालचं चिवट आवरण मात्र उसवलेलं असतं आणि त्या फटीतून आतडं डोकावतं.

जुना इलाज सरळ होता: कडा ओढा आणि पुन्हा शिवा. पण ताणून शिवलेलं कापड टाक्यापाशीच फाटतं, आणि पोटाला श्वास, शिंक, हसू यांतून उसंत नसते. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या डच अभ्यासात नुसते टाके घातलेल्यांपैकी 43 टक्के जणांचा हर्निया तीन वर्षांत परतला होता. फटीला आधार म्हणून जाळी बसवलेल्यांत हे प्रमाण 24 टक्के होतं.

जाळीची पहिली पिढी धातूची. 1900च्या सुमारास जर्मन शल्यविशारदांनी चांदीच्या तारांची जाळी वापरली, 1940च्या दशकात टँटलमची आली. पण सतत वाकून वाकून धातू मोडे आणि तुकडे आत टोचत.

मग अमेरिकेत 'मार्लेक्स' हे नवं प्लास्टिक आलं. 1958 साली त्याच्या हुला हूप कड्या कमरेभोवती फिरवायचं पोराटोरांना वेड लागलं होतं. त्याच सुमारास ह्यूस्टनचे डॉ. फ्रान्सिस अशर त्याच मार्लेक्सच्या धाग्याची जाळी पोटात बसवू लागले. ते पॉलिथिलीन होतं, निर्जंतुक करतानाची उष्णता त्याला सोसत नसे. म्हणून पुढे अशर पॉलिप्रॉपिलीनकडे वळले. तीच जाळी आजही चालते.

या जाळीचं खरं काम तिची भोकं करतात. शरीर त्यांतून आपले तंतू ओवतं आणि परक्या कापडाला आपलंसं करून टाकतं. फ्रान्समधल्या रीव्ह आणि स्टोप्पा या शल्यविशारदांनी जाळी स्नायूंच्या मागे ठेवायची रीत रुळवली. तिथे पोटातला दाबच तिला जागेवर धरून ठेवतो.

भोकांचंच महत्त्व, तर मच्छरदाणी का नको? धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून हर्नियासाठी वापरलं आणि 2003 साली अनेक केंद्रांवरचे निष्कर्ष मांडले. 2016 साली युगांडातल्या 302 पुरुषांच्या जांघेतल्या हर्नियावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरात मच्छरदाणीच्या स्वस्त जाळीच्या गटात एकाचाच हर्निया परतला, महागड्या जाळीच्या गटात एकाचाही नाही.

डास बाहेर ठेवणारी वीण आता आतडं आत ठेवत होती.