वाचन कोठून सुरू करावे?

आंबागडच्या परिसरात रोवणीपूर्वी पऱ्हे पाहताना एखादे धानाचे रोप पांढरेफटक दिसते. ते जगत नाही. पानातल्या हरितलवकांना स्वतःची प्रथिने घडवता आली नाहीत, तर रोपाची अशी गत होते.

प्रथिन घडते ते जनुकाची नक्कल वाचून. आरंभाची खूण बहुधा ए-यू-जी ही तीन अक्षरे. पण ती मजकुराच्या मध्येही येतात! मोडी कागद वाचणाऱ्यांना ही अडचण नवी नाही. शब्द सुटे नसतात, मागचेपुढचे पाहूनच सुरुवात ओळखावी लागते.

१९७४ साली शाइन व दालगार्नो यांनी जीवाणूंमध्ये आरंभाआधीची खुणेची अक्षरे दाखवली. हरितलवकांचे वाचनयंत्र जीवाणूंच्याच वळणाचे. तेव्हा इथेही तेच असेल, असे वाटणे साहजिक होते. पण तसे सरसकट नाही.

जपानात नागोयाच्या सुगिउरांच्या चमूने १९८६ मध्ये तंबाखूच्या हरितलवकाचा सारा मजकूर लावला. धानाचा १९८९ मध्ये लागला: १,३४,५२५ अक्षरजोड्या. पुढे १९९६ मध्ये हिरोसे व सुगिउरांनी परीक्षानळीत डी-१ प्रथिन घडवून पाहिले. हे प्रथिन उन्हाने सारखे मोडते, म्हणून सारखे नवे घडावे लागते. त्याच्या आरंभाआधी तीन छोटे तुकडे आढळले. ते बिघडवले की काम फार घटते.

मक्याची गंमत तर औरच. १९९१ मध्ये दिसले की एका जनुकात आरंभाची खूणच चुकीची लिहिलेली असते. वहीतली चूक गुरुजींनी सुधारावी, तशी नक्कल निघाल्यावर हरितलवक तिचे एक अक्षर बदलते. मग वाचन सुरू होते.