पहाऱ्यापासून शंभर यार्ड

1839 मध्ये लंडनला फिलिप मेडोज टेलर याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी छापली गेली. कादंबरीला त्याने एक प्रस्तावना जोडली असून तीत घडलेल्या गोष्टींची हकीकत सांगितली आहे. तिच्यातला हिंगोलीविषयीचा मजकूर जेमतेम एका परिच्छेदाचा आहे. निजामाच्या मुलखात राहिलेल्या एका परदेशी अधिकाऱ्याने आपल्याच छावणीच्या बंदोबस्ताविषयी दिलेली ही साक्ष त्या बंदोबस्ताच्या विरुद्ध जाते. म्हणून तिचे एकेक विधान सुटे करून तपासायला हवे.

आधी स्थळ. हिंगोली 1 मे 1999 रोजी स्वतंत्र जिल्हा झाली. तोपर्यंत ती परभणी जिल्ह्यातच होती. त्या जिल्ह्याच्या उत्तर अंगाला हे गाव. टेलरच्या काळी ते निजामाच्या अमलाखालचे. हिंगोलीत मात्र निजामाच्या खर्चाने पोसलेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची फौज होती. छावणीला लागून बाजार होता. शिपाई, व्यापारी, हमाल, वाटसरू यांची तिथे रोजची वर्दळ असे. परक्या राज्यात राहणाऱ्या या गोऱ्या अधिकाऱ्यांना सुरक्षित वाटायला मुख्य पहारा आणि पहारेकऱ्यांची रांग पुरेशी होती.

आता साक्षीदार. टेलरचा जन्म 1808 मध्ये लिव्हरपूलला झाला. 1824 मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि त्याच वर्षी निजामाच्या नोकरीत शिरला. प्रस्तावनेत तो सांगतो ते असे: हिंगोलीच्या बाजारात हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. अनेक इंग्रज अधिकाऱ्यांचा त्याच्याशी व्यवहार होता, खुद्द टेलरचाही. मुंबईहून कापड आणण्यासाठी या हरिसिंगाने एकदा कॅप्टन रेनॉल्ड्सकडे परवाना मागितला. जिल्ह्याचा मुलकी कारभार रेनॉल्ड्सकडे होता. परवाना मिळाला. हिंगोलीपासून फार दूर नसलेल्या एका गावचा व्यापारी तसलेच कापड घेऊन वाटेवर आहे, हे हरिसिंगाला ठाऊक होते. त्याने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना ठार केले, माल हिंगोलीला आणला आणि छावणीत राजरोस विकला.

त्याच परिच्छेदात दुसरी हकीकत आहे. हरिसिंगाच्या टोळीने, म्हणजे वाटसरूंना मारून लुटणाऱ्या ठगांनी, छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत अनेकांचे खून केले आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर प्रेते पुरली. पुढे माफीच्या साक्षीदारांनी जागा दाखवल्या आणि थडगी उकरली गेली. त्यांतली काही उकरताना टेलर स्वतः हजर होता. एकेका खड्ड्यात अनेक प्रेते निघाली. शेवटी पाहणाऱ्यांना शिसारी आली आणि शोध तिथेच थांबवण्यात आला.

या साक्षीचे तीन थर पडतात. हरिसिंगाशी व्यवहार केला आणि थडगी उघडताना पाहिली, या दोन गोष्टी टेलर स्वानुभवाने सांगतो. परवाना रेनॉल्ड्सने दिला, ही माहिती त्याच्या वर्तुळातली आहे. ती चुकीची असती तर खोडून काढणारी माणसे हयात होती. व्यापाऱ्याच्या खुनाची हकीकत मात्र पूर्णपणे हरिसिंगाच्या अटकेनंतरच्या कबुलीवर उभी आहे. त्याने कबूल केले नसते तर हा गुन्हा कधीच उघडकीस आला नसता, असे टेलरच म्हणतो. तेव्हा हा थर सर्वांत कच्चा मानावा लागतो.

अशा कबुल्यांकडे सावधपणेच पाहिले पाहिजे. माफीच्या साक्षीदाराचा जीव त्याच्या जबानीवर अवलंबून असे. 1836 च्या तिसाव्या कायद्याने तर ठगांच्या टोळीत असणे एवढ्याच कारणावरून जन्मठेप देता येऊ लागली. ठगी हा देशभर पसरलेला एकजिनसी पंथ होता, या इंग्रजी समजुतीची किम वॅग्नर यांच्यासारख्या अलीकडच्या अभ्यासकांनी कसून छाननी केली आहे. ती छाननी मान्य करूनही हिंगोलीचा पुरावा पूर्ण ढासळत नाही. साक्षीदाराने दाखवलेल्या जागी प्रेते निघाली. ती कोणी पुरली याविषयी वाद घालता येईल, पण तिथे माणसे पुरलेली होती याविषयी नाही.

आणखी एक शंका घ्यायला हवी. ठगीच्या तपासामुळे पुढे नावाजलेला विल्यम स्लीमन 1822 पासून काही वर्षे नरसिंगपूरचा मुलकी अधिकारी होता. आपल्या कचेरीपासून चारशे यार्डांवरच्या कंदेली गावात ठगांची टोळी राहत होती आणि आपल्याला पत्ताही नव्हता, अशी कबुली त्याने पुढे दिली. ती टेलरला ठाऊक होती. मग हिंगोलीची हकीकत त्याने त्याच साच्यात तर घातली नाही? यार्डांचे आकडे ठरीव वाटतात; ते अदमासे धरावेत हे बरे. पण थडग्यांच्या जागेचे वर्णन साच्यातले वाटत नाही. एका लहानशा ओढ्याचे कोरडे पात्र, चरीइतकेच रुंद आणि खोल, पुढे नदीला मिळणारे. शेजारून जवळच्या गावाकडे जाणारा रस्ता, आणि तो छावणीतून बाहेर पडण्याच्या मुख्य वाटांपैकी एक. नदीचे नाव टेलर देत नाही, पण हिंगोलीजवळून कयाधू वाहते. ती नदी कयाधूच असावी. इतका बारकावा त्या जागी उभ्या राहिलेल्या माणसाचा आहे, असे मला वाटते.

याच वर्णनातून एक प्रश्न उभा राहतो. खून बाजारात झाले आणि प्रेते ओढ्यात पुरली, तर ती मधल्या अंतरातून गेली कशी? माझा तर्क असा की रहदारीचा रस्ता हीच मारेकऱ्यांची सोय होती. ज्या वाटेने रोज ओझी जातात, त्या वाटेवर आणखी एका ओझ्याची चौकशी कोण करणार? हा तर्कच आहे, याला कागदाचा आधार नाही.

टेलरच्या मृत्यूनंतर, 1877 मध्ये त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. तरुणपणी निजामाच्या मुलखात पोलीस कामावर असताना रस्त्यालगत अनोळखी प्रेते सापडत, आपण त्यांच्या मागावर होतो, पण पलटणीत परत बोलावल्यामुळे तपास अर्धवट राहिला, असे तो त्यात लिहितो. नाही तर ठगी प्रथम आपणच उजेडात आणली असती, ही त्याची हळहळ आहे. ती म्हातारपणीची, स्लीमनची कीर्ती झाल्यानंतरची आहे. तिचे वजन त्या बेताने धरावे. तरी एक गोष्ट तिच्यातून निघते. प्रेते सापडत होती. गावकऱ्यांना, पाटलांना ती दिसत होती. ‘कोणालाच काही माहीत नव्हते’ या समजुतीत ‘कोणालाच’ म्हणजे बहुतेक इंग्रज अधिकारीच येतात.

दोन्ही दस्तऐवज शेजारी ठेवले की बंदोबस्ताची रचना दिसू लागते. पहारा छावणीसाठी होता. परवाना मालासाठी होता, आणि तो ज्याच्या हातात त्याच्या मालाची चौकशी होत नसे. सरकारी कागदाने या प्रकरणात मारेकऱ्याचे रक्षण केले. वाटेवरच्या व्यापाऱ्यासाठी यांतले काहीच नव्हते. पुढे 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि हिंगोलीच्या उत्तरेची पैनगंगा दोन अमलांमधली हद्द बनली. छावणी त्यानंतरही दीर्घकाळ टिकली.

त्या व्यापाऱ्याचे नाव प्रस्तावनेत नाही. गावाचे नाव नाही, खुनाचे साल नाही, नोकर आणि बैल हाकणारे किती होते हेही नाही. ‘फार दूर नसलेले गाव’ एवढ्या खुणेवरून ते वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव यांपैकी कोणतेही असू शकते. मारेकऱ्याचे नाव, परवाना देणाऱ्याचे नाव, लिहिणाऱ्याचे नाव आपल्याला मिळते. मेलेल्यांपैकी एकाचेही मिळत नाही.

ही पोकळी काळाच्या ओघात पडलेली नाही. ओढ्यातला शोध थांबवला गेला तेव्हाच मृतांची मोजणीही थांबली, आणि हे टेलर स्वतःच नोंदवतो. म्हणून परक्या रहिवाशांनी सरहद्दीच्या गावांतल्या सुरक्षिततेविषयी जे लिहिले, ते वाचताना मोजणी कोणी थांबवली आणि कुठे, हे आधी पाहावे. हिंगोलीच्या बाबतीत उरलेले काम आपले आहे. परवान्यांच्या नोंदी, पेठांतल्या सावकारांच्या मोडी वह्या, बुडालेल्या उधारीची खाती: मुंबईहून माल घेऊन निघालेला आणि कधीच न पोहोचलेला एक कापडव्यापारी अशा एखाद्या कागदात अजून सापडू शकतो. त्याचा शोध त्याच्या नावासाठी घ्यायचा आहे.